एवढं म्हणजे केवढं?

मी तिपाई बोलतेय. हल्लीची मुलं मला ट्रायपॉड म्हणतात. म्हणोत बापडी. माझ्यावर पहिला कॅमेरा ज्यांनी चढवला ते काका मला तिपाई म्हणायचे आणि मला तेच नाव आवडतं. तीन पाय, एक मान, आणि मानेशी काचेच्या डबीत पाण्याचा एक बुडबुडा. मी जरा वाकडी उभी राहिले की तो बुडबुडा लगेच चहाडी करतो. कॅमेऱ्याला डोळा असतो हे खरं, पण गप्प उभं राहणं त्याला जमत नाही. ते काम माझं. सगळं कौतुक नेहमी त्याच्याच वाट्याला जातं, तेव्हा आज त्याला जरा पिशवीत राहू द्या आणि माझं ऐका.

माझा जन्म एका कारखान्यातला. पाय एकीकडे कापले, मान दुसरीकडे ओतली, आणि स्क्रू कुठून आले ते त्या स्क्रूंनाही माहीत नसेल. मग मी एका कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत आले. तिथले फोटोवाले काका दिवसभर ओळखपत्रांचे फोटो काढायचे. "हनुवटी वर. अं हं, जरा खाली. आता हसा," असं ते म्हणाले की चांगली हसती-खेळती माणसं अचानक हसणं विसरून जायची. दातांच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी तोंडं करायची. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, माणसाला हस म्हणून हसता येत नाही. त्याला दुसरं काहीतरी करायला लावायला हवं.

पुढे जो तो आपल्या फोनवर आपले फोटो काढू लागला आणि काकांचं दुकान बंद झालं. आवराआवरीच्या दिवशी समोरचा टायरवाला पाना हातात घेऊनच आला. मला बघून म्हणाला, "टाकू नका हो ही. कशाला तरी होईल."

ते 'कशाला तरी' काय काय होतं म्हणून सांगू! त्याच्या दुकानात माझ्यावर ओले रुमाल वाळले. माझ्या मानेला 'हवा भरून मिळेल' ही पाटी लटकली. एकदा तर जेवणाचा डबा ठेवायला टेबल कमी पडलं म्हणून मला टेबल केलं. डबा घसरला, आमटी माझ्या तिन्ही पायांवरून वाहिली, आणि टायरवाला मलाच म्हणाला, "तुला साधं उभं राहता येत नाही का गं?" काय बोलणार! माणूस मात्र मनाचा चांगला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला गोष्ट सांगायचा, आणि त्या गोष्टीत थोडी हवा भरायचा. धंद्याची सवय.

या टायरवाल्याची भाची म्हणजे आमची भिंगरी. तिचं खरं नाव कॉलेजच्या हजेरीपटाखेरीज कुणी घेत नसे. एका जागी बसायची नाही, बोलायची थांबायची नाही, म्हणून भिंगरी. तिला फोटोग्राफीच्या पदवीला प्रवेश मिळाला त्या दिवशी मामाने मला पाटीसकट उचललं, पुसून लखलखीत केलं आणि तिच्या घरी नेऊन उभं केलं. "घे," म्हणाला, "खास तुझ्यासाठी जपून ठेवली होती."

आमटीचा डाग पुसूनही गेला नव्हता. पण भिंगरीने माझे पाय उघडले, मिटले, परत उघडले आणि मला मिठीच मारली. तिथून माझं दुसरं आयुष्य सुरू झालं.

पहिली वर्षं मजेत गेली. भिंगरीच्या पाठीवर बसून मी गल्ल्या, पूल, बाजार, गच्च्या पाहिल्या. मग आलं शेवटचं वर्ष, आणि त्याबरोबर आला तो प्रकल्प. नियम असा की एक विषय निवडायचा, वर्षभर त्याच एका विषयावर फोटो काढायचे, शेवटी प्रदर्शन मांडायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवायचं. विषय मात्र आधी मार्गदर्शक सरांकडून मंजूर करून घ्यायचा.

त्या सरांना मुलं 'हं-सर' म्हणायची. कारण ते फोटो बघून फक्त "हं" म्हणत. खाली पडणारं "हं" म्हणजे नापसंत. लांबवलेलं "हंऽऽ" म्हणजे ठीक, पण घरी जा. वर जाणारं "हं?" कुणी ऐकलंय अशी नुसती अफवा होती.

आता गंमत अशी की भिंगरीने कुठूनसं डोक्यात घेतलं होतं, शेवटचा प्रकल्प म्हणजे गंभीर हवा. बघणाऱ्याचा घसा दाटला पाहिजे. म्हणून तिने पहिला विषय घेतला 'एकाकीपणा'. आम्ही बागेत गेलो, एका रिकाम्या बाकासमोर मी पाय रोवले, आणि भिंगरी कॅमेऱ्याला डोळा लावते न लावते तोच दोन बायका बाकावर येऊन टेकल्या.

"जरा उठता का? मला रिकामा बाक हवाय," भिंगरी म्हणाली.

"का गं, कुणी येणारेय का?"

"नाही. कुणीच येणार नाहीये. तेच दाखवायचंय."

"अगंबाई, मग बस ना आमच्यात. एकटी कशाला उभी राहतेस?"

झालं. भिंगरी त्यांच्या मधे जाऊन बसली ती ऊन उतरेपर्यंत. एकीच्या सुनेची बढती, दुसरीच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं ऐकून झालं. बाक काही रिकामा झाला नाही. पुढच्या दिवसांत तिने कुठून कुठून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो गोळा केले आणि सरांपुढे ठेवले.

"हं," सर म्हणाले. हे "हं" खाली पडलं. "खुर्च्या चांगल्या आहेत."

मग दुसरा विषय, 'काळाचे ओरखडे'. गंजलेलं, पोपडे धरलेलं, मोडकं शोधत आम्ही वणवण फिरलो. एका बंगल्याचं फाटक तिला फार आवडलं. इतका देखणा गंज तिने म्हणे उभ्या जन्मात पाहिला नव्हता. उद्या सकाळच्या उजेडात काढू, असं ठरवून तिने मालकांची परवानगी घेतली. सकाळी जाऊन बघतो तर मालक पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात ब्रश घेऊन उभे, आणि फाटक हिरवंगार!

"फोटो निघणार म्हटल्यावर असं कसं ठेवायचं?" ते म्हणाले. "हात लावू नका, ओलं आहे."

तिसरा विषय होता 'सुरकुत्या'. तो शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या दारातच संपला. बाईंनी चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच ताठ झाले.

"कशाचा फोटो म्हणालीस?"

"तुमच्या... म्हणजे चेहऱ्यावरच्या... अनुभवाच्या रेषांचा, बाई."

"रेषा वहीवर असतात," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही परत हं-सरांकडे. त्यांच्या टेबलावर खुर्च्या, गंज, पोपडे सगळं पसरलेलं. मी भिंतीला टेकून उभी. सरांनी एकेक फोटो उचलून परत खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "हे काढताना तुला मजा आली का?"

"मजा?" भिंगरी गोंधळली. "सर, विषय गंभीर आहे."

"हं. बागेतल्या त्या बायकांचा फोटो कुठाय? मघाशी त्यांच्याबद्दल सांगताना तू हातवारे करून माझा चहा सांडलास. तो फोटो बघायला मला आवडलं असतं."

"पण सर, तो काही विषय नव्हता."

सरांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारी शेवटची तारीख आहे. तोवर विषय आण. नाहीतर पदवी पुढच्या वर्षी. माझ्या हातात दुसरं काही नाही."

वाटेत भिंगरी एक अक्षर बोलली नाही. एवढ्या वर्षांत मी तिच्या पाठीवर इतकी शांतता कधी अनुभवली नव्हती. तिच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांचे विषय ठरले होते. कुणी धुक्यातले पूल काढत होतं, कुणी बंद गिरण्या. हिच्याजवळ मात्र काही नव्हतं. घरी आल्यावर तिने मला जेवणघराच्या दाराशी तशीच पाय फाकलेली सोडली, कॅमेरासुद्धा माझ्या डोक्यावर तसाच, आणि खोलीत जाऊन पडली.

रविवार उजाडला. रविवारी दुपारी मामा जेवायला यायचा हा त्या घरचा रिवाज. टेबलाभोवती सगळे बसले. भिंगरीचे बाबा तसबिरींना काच बसवून देण्याचं दुकान चालवायचे. मोजपट्टी कायम शर्टाच्या खिशात, रविवारीसुद्धा. आई प्रसूतिगृहात नर्स. आणि मामा, त्याला तर तुम्ही ओळखताच.

"परवा तलावावर गळ टाकून बसलो होतो," मामाने सुरुवात केली. "अशी ओढ बसली ताई, काय सांगू! मी मागे रेलतोय, तो पुढे ओढतोय. शेवटी वर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि गेला सुटून. एवढा होता!"

मामाचा एक हात भाजीच्या भांड्यावर गेला, दुसरा बाबांच्या चष्म्याला टेकला.

"मागच्या रविवारी पाण्याच्या बाटलीएवढा होता," आई म्हणाली.

"वाढत्या वयातला आहे, ताई."

बाबांनी शांतपणे मोजपट्टी काढली. "हात हलवू नकोस," म्हणाले, आणि मामाच्या दोन तळव्यांमधलं अंतर मोजायला लागले. "काच कापायची असती तर या मापात खिडकी बसली असती."

सगळे हसले. भिंगरी हसली नाही. हनुवटी तळहातावर टेकवून ताटातलं नुसतं चिवडत होती.

"काय गं भिंगरे, दोरी तुटली वाटतं?" मामाने विचारलं. हात तसेच हवेत. कारण बाबांचं मोजणं चाललं होतं.

मग सगळं बाहेर आलं. खुर्च्या, फाटक, सोमवार, पुढचं वर्ष. "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच," ती म्हणाली. "सगळ्यांकडे कायकाय आहे. आपल्या घरात सगळं नीट चाललंय. साधं दुःख नाही आपल्याकडे! मग मी विषय कुठून आणू?"

"दुःख नाही म्हणे!" आई एकदम बोलून गेली. "तू झालीस तेव्हा माझी काय गत झाली होती मला विचार. दिवस भरायच्या आधीच आलीस. एवढी होतीस. एवढुशी."

बोलताना आईचे हात आपोआप वर आले होते. डावा तळवा उताणा, बोटं जरा वळलेली, जणू त्यात एक डोकं टेकलंय. उजवा हात त्याच्या इतका जवळ की मधे एखादी चपाती मावेल न मावेल. पण ते हात नुसतं माप दाखवत नव्हते हो. ते काहीतरी धरून होते. सांडू नये म्हणून जपत होते.

एका बाजूला मामाचा सुटलेला मासा, दुसऱ्या बाजूला आईचं ते बाळ. दोन्हींपैकी काहीच तिथे नव्हतं आणि दोन्ही अगदी ठसठशीत दिसत होतं. मला दिसलं, म्हणजे भिंगरीलाही दिसलं असणार. कारण ती ताडकन उठली. खुर्ची मागे पडली, ती तशीच ओलांडून भिंगरी माझ्याकडे धावली.

"मामा, हात तसेच ठेव!"

"अगं, जेवू दे की. मासा जरा खाली ठेवतो."

"नाही! मासा धर! सोडू नकोस!"

मामा घाबरून हवा गच्च धरून बसला. बाबा मोजपट्टीसह मागे सरकले. भिंगरीने माझी मान वळवली, एक पाय आखडला, बुडबुडा मधोमध आणला. माझ्या अंगातून कॅमेऱ्याची ती खटकन होणारी थरथर गेली. आधी एक, मग एकामागून एक. आणि मामा कसा दिसत होता म्हणता? फोटोवाल्या काकांना उभ्या आयुष्यात जे जमलं नाही ते झालं होतं. मामा हसायचं विसरला नव्हता, कारण आपला फोटो निघतोय हेच तो विसरला होता. त्याचं सगळं लक्ष माशावर.

"आता आई, तू."

आईचे हात केव्हाच खाली गेले होते. "माझा नको," ती म्हणाली आणि उठून भांडी गोळा करायला लागली. "ते दाखवायचं नसतं." भिंगरीने हट्ट केला नाही. तिला किती कष्ट पडले असतील ते मी तिच्या ओठात रुतलेल्या दातांवरून सांगू शकते.

सोमवारी हं-सरांनी तो फोटो हातात घेतला. लांब धरला. जवळ आणला.

"यात काय आहे?"

"मासा, सर."

"कुठाय?"

"सुटला."

सर फोटोकडे बघतच राहिले. आणि मग, माझ्या बुडबुड्याची शपथ, ते म्हणाले, "हं?" अगदी वर जाणारं! भिंगरी सांगू लागली. लोक नसलेली गोष्ट हाताने कशी दाखवतात, एवढं, एवढंसं, एवढालं म्हणताना दोन हातांच्या मधल्या रिकाम्या जागेत ती गोष्ट कशी येऊन बसते. हातवारे करता करता तिने पुन्हा चहा सांडला. सरांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते खुर्चीतून अर्धवट उठले होते आणि त्यांचा एक हात गुडघ्याजवळ हवा थोपटत होता.

"आमच्याकडे एक कुत्रा होता," ते म्हणाले. "इथवर यायचा. एवढा." मग भानावर येऊन त्यांनी हात खिशात घातला. "मंजूर. पण सगळेच मासे आणू नकोस."

त्यानंतरचे महिने! माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर महिने ते. प्रकल्पाचं नाव ठेवलं 'एवढं'. आम्ही रस्त्यावर कुठेही उभ्या राहायचो आणि भिंगरी लोकांना विचारायची, "आता तुमच्यापाशी नाही अशी एखादी गोष्ट सांगता? केवढी होती?" सुरुवातीला माणसं बावरायची. मग एकदा हात वर आले की थांबायची नाहीत. मी नीट पाहिलंय, लहान गोष्ट दाखवताना माणूस आवाजही लहान करतो आणि चिमूट डोळ्यांजवळ नेतो. मोठी गोष्ट दाखवायची असली की आधी आजूबाजूला बघून घेतो, जागा पुरेल ना म्हणून.

बेकरीवाल्याने लग्नाच्या ऐन दिवशी जिन्यात पडलेला केक दाखवला. दोन्ही हात डोक्यावर नेऊन. एका चिमुरडीने बेसिनमध्ये वाहून गेलेला दात चिमटीत दाखवला, आणि पुढच्या महिन्यात आम्हाला शोधत आली, नवा किती आलाय तेही काढा म्हणून. मुख्याध्यापिकाबाई तर स्वतःहून दारात उभ्या. "ऐकलं मी, काय चाललंय ते. माझी वेणी काढ. इथवर होती," म्हणत त्यांनी गुडघ्याजवळ हात नेला, आणि वाकता वाकता अशा काही लाजल्या की त्यांच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हसल्या.

घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा होते. त्यांनी बराच विचार केला. मग आपल्या खांद्याशी आडवा तळवा धरला. "माझी बायको. इथवर यायची. उंच टाचा घातल्या की इथवर." तळवा कानापाशी गेला. "भांडण असलं की मुद्दाम टाचा घालायची." ते हसले, पण हात लगेच खाली घेतला नाही त्यांनी. भिंगरीनेही घाई केली नाही. मीही श्वास धरून उभी होते.

आता माझ्या पायाचं सांगते. मागच्या पायाची पकड झिजली होती. टायरच्या दुकानातले ते दिवस, आमटी, वय, सगळंच. एकदा बसस्टँडसमोर भर गर्दीत एक ड्रायव्हर दोन ट्रकांच्या मधून बस कशी काढली ते दाखवत होता. बघ्यांचं कोंडाळं जमलं होतं, आणि माझा पाय सर्रकन आत गेला. मी कलंडले. कॅमेरा माझ्या डोक्यावरून निघाला थेट फरशीकडे. भिंगरीने सूर मारला. पट्टा तिच्या बोटांत अडकला आणि कॅमेरा जमिनीला टेकता टेकता लोंबकळत राहिला.

क्षणभर सगळं थांबलं. मग ती अख्खी गर्दी एकदम ओरडली, "एवढ्याने वाचला!" आणि प्रत्येकाचा हात वर! ड्रायव्हर, भाजीवाली, शाळेची मुलं, पोलीस, कुणाची चिमूट डोळ्यांजवळ, कुणाची दोन बोटं हवेत, सगळे एकमेकांना दाखवताहेत, एवढ्याने, अहो एवढ्याने! भिंगरी गुडघ्यांवर होती. तिने तिथूनच, हातातूनच, खटाखट फोटो काढले. सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात जिवंत फोटो तो. तो माझ्यावरून निघालेला नाही. मी बाजूला तीन पाय वर करून पडले होते. पण मी पडले नसते तर तो निघाला असता का, सांगा!

मामाने जुन्या ट्यूबची पट्टी कापून माझा पाय आवळून बांधला. दिसायला काही बरं दिसत नव्हतं. पण माझा पाय पुन्हा कधी घसरला नाही.

प्रदर्शन जवळ आलं. सगळे फोटो झाले, एक सोडून. भिंगरीने तो विषय घरात काढला नव्हता, पण ज्या हातांवरून तिला हे सगळं सुचलं ते हात तिच्याकडे नव्हते. एके सकाळी आई रात्रपाळी करून घरी आली. अंगावर अजून नर्सचा पांढरा गणवेश, केस विस्कटलेले. मी बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभी होते. आईने चहाचा कप खिडकीत ठेवला आणि माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"काढ," ती म्हणाली. "चहा गार व्हायच्या आत."

भिंगरी दात घासत होती. तोंडात ब्रश, तशीच धावत आली.

"काल रात्री एक आली," आई सांगू लागली. "तुझ्यासारखीच, दिवसांआधी. तिची आई हात लावायला घाबरत होती. मी तिला म्हटलं, मी रोज दुसऱ्यांची बाळं उचलते, पण माझी उचलायला मलाही भीती वाटली होती. मग तिला दाखवलं, कसं धरायचं ते. मग वाटलं, परक्या पोरीला दाखवलं आणि घरच्या पोरीला नाही?"

आणि तिने हात वर केले. डावा तळवा उताणा, बोटं वळलेली. "एवढी होतीस. नख तर दिसायचंही नाही. रडायचीस मात्र अशी की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं."

भिंगरीचे हात थरथरत होते. तिने बटण दाबलं तेव्हा ती थरथर माझ्यापर्यंत आली, आणि मी ती माझ्या तीन पायांतून जमिनीत सोडून दिली. कॅमेरा केसभरही हलला नाही. मी कशासाठी जन्मले ते मला त्या सकाळी कळलं. फोटो झाला. आईने हात खाली केले, कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "ब्रश काढ आधी तोंडातून. फेस सांडतोय."

प्रदर्शनाच्या तसबिरींच्या काचा बाबांनी स्वतः कापल्या. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचं एकच वाक्य लिहिलं होतं, बास. मी दालनाच्या कोपऱ्यात उभी होते, शेवटच्या क्षणी लागले तर म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंचा दरारा मोठा. ताठ कणा, गळ्यातल्या साखळीला चष्मा, आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. धुक्यातले पूल, बंद गिरण्या, सगळं त्यांनी असंच पाहिलं आणि कागदावर काहीतरी टिपलं. भिंगरीच्या भिंतीशी आल्या. मासा पाहिला. केक पाहिला. घड्याळवाल्या आजोबांपाशी थोड्या रेंगाळल्या. हात पाठीमागेच. भिंगरीचा चेहरा पांढराफटक.

आईच्या फोटोपाशी त्या थांबल्या. खालचं वाक्य वाचलं. मग वळून भिंगरीला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ही तू?"

"हो, मॅडम."

"हं," परीक्षकबाई म्हणाल्या. हं-सर दचकले. आणि तेवढ्यात बाईंच्या पाठीमागची ती गाठ सुटली. "आमच्या घरी एक पलंग होता," त्या म्हणाल्या. "सगळी भावंडं आडवी झोपायचो त्यावर. पहाटे कोण कुणाच्या अंगावर ते कळायचं नाही. एवढा होता!"

त्यांनी असे काही हात फैलावले की एक हात हं-सरांच्या छातीवर आदळला आणि चष्मा साखळीवर गरगर फिरला. कुणालाच राहवेना. आधी मामा हसला, मग सर, मग खुद्द परीक्षकबाई. दालनातली माणसं जमा झाली आणि बघता बघता जो तो आपल्या शेजाऱ्याला काही ना काही दाखवायला लागला. अनोळखी माणसं एकमेकांना बाहुल्या, झाडं, जहाजं, धाकटे भाऊ दाखवत होती. हवा भरून गेली होती नुसती. माझ्या मनात आलं, आता इथे आणखी कुणी शिरायला जागा उरली नाही.

भिंगरी पहिल्या वर्गात पास झाली, हे वेगळं सांगायला नको. आता ती दुसऱ्या गावी एका मासिकासाठी फोटो काढते. तिच्याकडे हलकी, काळी, पंखासारखी उचलता येणारी नवी तिपाई आहे. मला वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण तिने मला माळ्यावर टाकलं नाही. कॉलेजच्या सामानखोलीत नेऊन ठेवलं आणि तिथल्या मुलांना सांगितलं, हिला वापरा, हिला बसवून ठेवू नका, ही बसायला शिकलेलीच नाही.

म्हणून सध्या माझा मुक्काम इथे. दरवर्षी नवी मुलं येतात, मला कोण नेणार म्हणून भांडतात. ट्यूबची पट्टी बघून हसतात आणि संध्याकाळी मला पुसून परत ठेवतात. तुमच्याही घरी कपाटावर, पलंगाखाली माझी एखादी बहीण पाय मिटून पडली असेल. तिला एकदा बाहेर काढा हो. पाय उघडा, माणसांच्या वाटेवर उभी करा आणि थोडा वेळ थांबा. कोण येऊन समोर उभं राहील आणि काय सांगेल, हे तिलाही माहीत नसतं, कॅमेऱ्यालाही नसतं. त्यातच तर गंमत आहे.

दार वाजलं. कुणीतरी माझी मान धरलीय. हात गार पडलेत बिचारीचे, विषय ठरलेला दिसत नाही. चला, मला आता काम आहे. जाते म्हणू नये, येते.